उभ्यानं गवत कापायला कुणाची हरकत आहे?

मराठीत उभ्यानं गवत कापायच्या अवजाराला रुळलेला शब्द नाही. विळा आहे, खुरपं आहे, कोयता आहे. धर्माबादकडं तेलुगू शेजाऱ्यांची कोडवली कानावर पडते, कुणी दराती म्हणतं. ही सगळी एकाच घराण्यातली. आखूड मूठ, हातभर नाहीतर वीतभर पातं, आणि चालवणारं माणूस जमिनीला टेकलेलं. इंग्रजीत ज्याला 'साइद' म्हणतात, त्या माणसाच्या उंचीएवढ्या दांड्याच्या विळ्याचं आपल्याला वर्णनच करावं लागतं. वस्तू नाही म्हणून शब्द नाही, इथवर ठीक. वस्तू का नाही, ह्यावर मला भांडायचं आहे.

साइद तुम्ही पाहिलेली असणार. युरोपातल्या चित्रांत मृत्यू ती खांद्यावर घेऊन येतो. हल्ली ती रील्समध्ये दिसते: डोंगरउतारावरचं हिरवं कुरण, सकाळचं ऊन, पात्याचा सरसर आवाज, आणि पेट्रोलचं यंत्र टाकून हे जुनं अवजार पुन्हा हातात घेतलेला कुणीतरी समाधानी गोरा माणूस. टॉलस्टॉयच्या 'ॲना कॅरेनिना'तला जमीनदार लेव्हिन शेतकऱ्यांच्या रांगेत उभा राहून दिवसभर गवत कापतो आणि त्याला स्वतःचा विसर पडतो. छान आहे ते. पण लेव्हिन दमल्यावर वाड्यावर जाऊ शकत होता. मला त्या आनंदाबद्दल बोलायचं नाही, दांड्याबद्दल बोलायचं आहे.

आधी हे अवजार चालतं कसं ते बघू. विळ्यानं गवत कापताना डाव्या हातानं मूठभर गवत धरायचं आणि उजव्या हातानं पातं स्वतःकडं ओढायचं. धरा, ओढा, टाका, अर्धं पाऊल सरका. साइदीत धरणं नाहीच. साधारण दोन-अडीच फुटांचं बाकदार पातं जमिनीला समांतर फिरतं, दांड्याला दोन मुठी असतात, कापणारं माणूस ताठ उभं राहून कमरेतून वळतं. पातं अर्धवर्तुळात सरकतं आणि कापलेलं गवत डाव्या बाजूला ओळीनं आपोआप पडतं. ताकदीपेक्षा धारेचं काम जास्त. पातं छोट्या ऐरणीवर हातोडीनं ठोकून कडेला कागदासारखं पातळ करतात, मग दर काही मिनिटांनी ओल्या दगडावर पाजवतात. म्हणून कापणारे कमरेला पाण्याचं नळकांडं आणि त्यात धारेचा दगड घेऊन फिरत. भल्या पहाटे दव असताना गवत सगळ्यात चांगलं कापलं जातं. चांगल्या कापणाऱ्याचा जुना हिशेब दिवसाला साधारण एक एकर कुरण असा होता.

ह्यात जादू काहीच नाही. लोखंड, लाकूड, ठोकणं, पाजवणं. रस्त्याकडेला पाल टाकून विळे-खुरपी घडवणाऱ्या घिसाड्याला ह्यातली एकही गोष्ट परकी नाही.

आता धर्माबाद. बाहेरच्यांना हे गाव लाल मिरचीमुळं माहीत असतं. किंवा बाभळीच्या बंधाऱ्यामुळं. गोदावरीच्या त्या बंधाऱ्यावरून दोन राज्यं भांडली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २०१३ साली निकाल लागला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, असं तारखेनिशी ठरलं. नेमक्या ह्याच चार महिन्यांत तालुक्यातल्या काळ्या रानात तण माजतं, बांध गवतानं झाकून जातात आणि बाया उकिडव्या बसतात. सोयाबीन, कापूस, तूर, मिरची, पीक कुठलंही असो, खुरपणी त्यांची. संध्याकाळी घरी येताना बांधावरचं गवत कापून भारा डोक्यावर आणायचा तोही बहुतेक त्यांनीच. पाण्याच्या एकेका दाराचा हिशेब देशाच्या वरच्या कोर्टात झाला. ह्या गुडघ्यांचा हिशेब तालुक्याच्या एखाद्या बैठकीत झाल्याचंही ऐकिवात नाही.

गुडघे आणि कंबर हे एक झालं. डावा हात हे दुसरं. उंच गवतात न बघता घातला जाणारा डावा हात. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले बहुतेक खेड्यातले, आणि जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांतले. घोणस गवतात पडून असते, ती पळत नाही. मोठ्या दांड्यानं साप मरत नाही, पण हात आणि तोंड गवतापासून चार-पाच फूट लांब राहतं. पायात बूट हवेतच, ते वेगळं. एवढं साधं अंतर देणारं अवजार शेकडो वर्षं जगात वापरात आहे आणि ते आपल्याकडं रुळलं नाही, ह्याला मी योगायोग मानत नाही.

कारण उभ्यानं चालवायची अवजारं आपल्याकडं नाहीत असं नाहीच. नांगराला रुमणं आहे. तिफण, वखर, कोळपं सगळं उभ्यानं चालतं. हल्ली गावोगाव सायकल कोळपं दिसतं: जुन्या सायकलचं चाक, तिचाच दांडा, पुढं लोखंडाची पास. ते कुठल्या प्रयोगशाळेतून आलं नाही, वेल्डिंगच्या दुकानांत तयार झालं. म्हणजे बुद्धी आहे, हात आहेत, भंगारही आहे. ज्या कामाला बैल, इंजिन किंवा चाक लागतं ते उभ्यानं होतं आणि बहुतेक पुरुषाकडं असतं. जे काम फक्त हातानं होतं ते बसून होतं आणि ते बाईकडं असतं. मजुरीचा दरही ह्याच क्रमानं उतरतो. 'बायांना बसून काम करायची सवय असते' हे वाक्य मी इतक्या सभ्य लोकांच्या तोंडून ऐकलंय की आता त्याचा राग येणंही बंद झालं होतं. तो परत आणायला हा लेख लिहितोय असं समजा.

ह्या सवयीबद्दल अमेरिकेत एक खटला झाला. कॅलिफोर्नियातल्या भाजीच्या मळ्यांवर मेक्सिकन मजूर हातभर दांड्याच्या खोऱ्यानं लेट्यूसची विरळणी करायचे, दिवसदिवस कमरेत वाकून. त्या खोऱ्याला ते 'एल कोर्तितो', म्हणजे आखूडं, म्हणायचे. मळेवाल्यांचं म्हणणं होतं की मोठा दांडा दिला तर काम नीट होणार नाही, रोपं तुटतील. डॉक्टरांनी पाठीच्या कण्याचं काय होतं ते सांगितलं. मजुरांचं म्हणणं आणखी वेगळं होतं: आखूड खोरं मुकादमाला सोयीचं असतं, कारण जो उभा दिसला तो काम करत नाही हे त्याला लांबूनच कळतं. १९७५ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं मजुरांची बाजू उचलून धरली आणि ते खोरं हद्दपार झालं. मळ्यांचं दिवाळं काही निघालं नाही.

आपल्या रानात बांधावर उभा राहून 'पाती धरा' म्हणणारा मालक आठवा. बाई कंबर सरळ करायला उठली की त्याची नजर जाते. खुरप्याची आखूड मूठ त्याच्या नजरेचीही सोय आहे.

ह्यावर उत्तर येतं: 'आता खुरपतंय कोण? तणनाशक मारतात.' अगदी खरं. ग्लायफोसेट १९७४ साली 'राउंडअप' नावानं बाजारात आलं. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. बऱ्याच देशांच्या नियामकांना ते मान्य नाही, तो वाद चालू आहे. आपल्या केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरावं असं बंधन घातलं. कागदावर. बांध सप्टेंबरात पिवळेजर्द जळालेले दिसले की समजायचं परवानाधारक कोण होता ते. माझं भांडण त्यातल्या विषापेक्षाही त्यामागच्या विचाराशी आहे. बांधावरचं गवत ही वैरण आहे. मारवेल, पवना ही नावं आजीच्या पिढीला तोंडपाठ होती, कारण त्यांचं दूध होत होतं. ते जाळून मग कडबा आणि पेंड विकत घ्यायची, ह्याला प्रगती म्हणायला जरा निबर कातडी लागते.

तणनाशकानं बायांची मजुरीही गेली. फवारणीचा पंप पुरुषाच्या पाठीवर गेला, त्याचा रोज जास्त, आणि एका माणसात दहाजणींचं काम संपलं. त्यावर कुणी हळहळलं नाही. पण उभ्या विळ्याचा विषय काढला की लगेच काळजी सुरू होते: 'मग बायांच्या रोजगाराचं काय?'

तरी ह्या प्रश्नात एक खरं हाड आहे, ते टाळायचं नाही. युरोपात धान्याची कापणी जेव्हा विळ्याकडून साइदीकडं गेली, तेव्हा नेमकं हेच झालं. विळ्यानं कापणी करणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येनं होत्या. मोठं अवजार आलं, ते पुरुषांनी घेतलं, आणि बाया मागं राहून पेंढ्या बांधायला, गोळा करायला लागल्या. कापणाऱ्याची मजुरी जास्त, बांधणारीची कमी. १९३७ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी व्हेरा मुखिनानं तो अवाढव्य सोव्हिएत पुतळा केला, त्यातही पुरुषाच्या हातात हातोडा आणि स्त्रीच्या हातात विळाच आहे. क्रांती झाली, पण बाईच्या अवजाराला दांडा लागला नाही.

आपल्याकडं तर कोयता हे माणसाच्या मोजमापाचंच नाव झालंय. ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. अवजारावरून माणूस मोजणाऱ्या ह्या मुलखात नवं अवजार आलं तर पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की ते कुणाच्या नावानं आलं. शेती यांत्रिकीकरणाच्या अनुदानाला सातबारा लागतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशभरातल्या वहितीधारकांत स्त्रिया १४ टक्क्यांच्या आत होत्या. म्हणजे ज्या बसतात त्यांच्या नावावर उभं राहायचं अनुदानही निघत नाही.

साइद सगळीकडं चालेल असा माझा दावा नाही. कापसाच्या दोन ओळींत ती फिरणार नाही. दगडगोट्यांच्या, बोरी-बाभळीची खुंटं असलेल्या बांधावर पात्याचे तुकडे होतील. हराळी आणि लव्हाळ्याची मुळं तिला दाद देणार नाहीत, तिथं कुदळच. वाळलेलं सोयाबीन तिच्या झटक्यानं फुटून दाणे सांडण्याचीच भीती जास्त. पण लसूण घासाचे वाफे, सरकारी गायरानं, कालव्याचे आणि रस्त्याचे काठ, शाळांची मैदानं, फुलावर यायच्या आधीचं गाजर गवत, ही सगळी तिचीच जागा आहे. तिथं आज एकतर बाई बसलेली असते, नाहीतर कानठळ्या बसवणारं पेट्रोल कटर फिरत असतं, जे गवताबरोबर प्लास्टिकच्या दोरीचा भुगाही रानात सोडतं.

परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी स्त्रियांचे कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर काम होतं, दातेरी विळ्यासारख्या सुधारणा गावांपर्यंत पोचल्याही आहेत. दातेरी विळा चांगलाच आहे, मनगट कमी दुखतं. पण तोही बसूनच चालतो. मागणी एवढीच आहे की पुढची चाचणी उभ्या विळ्याची करा, आणि ती ज्या रोज कापतात त्यांच्या हातानं करा. पातं घिसाड्याकडून किंवा गावच्या लोहाराकडून घडवून घ्या, ठोकायचं आणि पाजवायचं बायांनाच शिकवा. धार दुसऱ्याच्या हातात राहिली तर अवजारही महिन्याभरात त्याच्याच हातात जातं. दांडा बांबूचा चालतो का बघा, हलका पडेल. त्याचं माप मात्र आधी ठरवावं लागतं: उभं राहिल्यावर खालची मूठ कमरेच्या हाडाशी यावी लागते, आणि वरची तिथून कोपर ते बोटांच्या टोकाएवढ्या अंतरावर. ही मापं बाईच्या अंगावरून घ्या.