खेळाचे मैदान आपल्याच घरात



आई-बाप पाळीवरून घरी येतात, तेव्हा पोरगा कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेला असतो. "कोणासंग खेळतोस रे?" विचारले, तर "मित्र आहेत" एवढेच उत्तर मिळते. ते मित्र वर्गातले आहेत, नात्यातले आहेत, की कुठल्या दूरच्या शहरातला चाळीस वर्षांचा अनोळखी माणूस आहे, हे आईलाही ठाऊक नसते आणि बाबांनाही. मोबाईल हिसकावला तर रडारड होते, आणि दोन दिवसांनी गाडी मूळ पदावर येते. खेळू नको म्हणून मूल खेळायचे थांबत नाही. मग ते कोणाच्या अंगणात खेळते, हे तरी आपण ठरवू शकतो की नाही? ठरवू शकतो. त्यासाठी घरी एक छोटा 'सर्व्हर' मांडावा लागतो, आणि दहावी-बारावीतल्या पोरापोरींना ते सहज जमण्यासारखे आहे.

सर्व्हर हा शब्द ऐकून घाबरू नका. आपले जाम गाव डोळ्यांपुढे आणा. महामार्गाने नागपूरहून निघालेली गाडी आधी जामच्या चौकात येते. तिथून एक रस्ता हिंगणघाटवरून हैद्राबादेकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. अनेक जण मिळून खेळायच्या खेळात सर्व्हरचे काम या चौकासारखे असते. एकाने खेळात भिंत बांधली, की त्याचा फोन ती खबर सर्व्हरला देतो आणि सर्व्हर ती बाकीच्या सगळ्यांच्या फोनला पोचवतो. हा चौक कोणाच्या ताब्यात आहे, त्याचे नियम तिथे चालतात. बहुतेक मोबाईल खेळांत तो कंपनीच्या ताब्यात असतो. पूर्वी असे नव्हते. १९९६ साली आलेल्या 'क्वेक' या खेळाचा सर्व्हर खेळणारे स्वतःच्या संगणकावर चालवीत. पुढे बऱ्याच कंपन्यांनी चौक आपल्याकडे घेतला. याचा परिणाम काय होतो पाहा. युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा मोटारींचा खेळ २०१४ साली आला. लोकांनी पैसे मोजून तो घेतला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केला आणि विकत घेतलेला खेळ ठप्प झाला. त्यावरून युरोपात मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये तिच्या अर्जावरील सह्या दहा लाखांच्या पुढे गेल्या.

आता घरच्या सर्व्हरकडे वळू. ठोकळे रचून घरे, पूल, गावे बांधायचा 'माइनक्राफ्ट' मुलांना माहीत असतो. त्याचा सर्व्हर फुकट मिळतो, पण प्रत्येक खेळाडूला खेळ विकत घ्यावा लागतो. पाच मुलांचे पाच खर्च कामगाराच्या घराला परवडत नाहीत. त्याच धर्तीचा 'लुआंती' मात्र पूर्ण मोफत आहे. पेर्टू आहोला या फिनलंडच्या तरुणाने २०१० साली तो 'माइनटेस्ट' नावाने सुरू केला आणि २०२४ मध्ये त्याचे नाव लुआंती झाले. त्याची घडण सर्वांना खुली आहे. तो विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइड फोनवर चालतो.

मांडणी अशी करावी. घरातला जुना लॅपटॉप किंवा संगणक घ्यावा. चार-पाच मुलांसाठी ४ जीबी मेमरी पुरते. त्यावर लुआंती उतरवावा. नुसत्या लुआंतीत खेळ नसतो, म्हणून त्याच्याच यादीतून 'माइनटेस्ट गेम' किंवा 'व्हॉक्सेलिब्रे' घ्यावा. नवे जग तयार करून 'होस्ट सर्व्हर' या चौकटीत खूण करावी, नाव आणि पासवर्ड द्यावा आणि सुरू करावे. विंडोजने परवानगी विचारली, तर घरच्या खासगी जाळ्यापुरतीच द्यावी. शेजारीच 'अनाउन्स सर्व्हर' अशी चौकट असते. तिच्यात खूण करू नका. ती केली की आपला सर्व्हर जगाच्या यादीत लागतो.

बाकीच्या मुलांनी आपल्या फोनवर लुआंतीची तीच आवृत्ती घ्यावी आणि त्या लॅपटॉपचा पत्ता टाकावा. हा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो आणि पोर्ट म्हणजे दाराचा क्रमांक ३०००० असतो. एकदा खेळ उतरवला, की एकाच वायफायवर खेळताना इंटरनेट लागत नाही. नेट गेले तरी खेळ चालू राहतो आणि डेटा पॅकमधला एक थेंबही खर्च होत नाही. घरी वायफाय नसेल, तर बहुतेक फोनांच्या हॉटस्पॉटवरही हे जमते.

मामाचा पोरगा नागपुरात आहे आणि त्यालाही यायचे आहे, तर काम थोडे अवघड होते. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. एकट्या भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या वर, आणि एकेका घरात तीन-चार फोन. जगाच्या मुख्य साठ्यातले पत्ते फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले. म्हणून कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एकच पत्ता देतात. चाळीला एकच टपालपेटी असावी तसे हे झाले. आतून पत्र बाहेर जाते, पण बाहेरून आलेले कोणत्या खोलीचे, हे कळत नाही. मग राउटरमध्ये कितीही 'पोर्ट फॉरवर्डिंग' करा, पाहुणा दारापर्यंत पोचत नाही. राउटरमध्ये दिसणारा बाहेरचा पत्ता १०० च्या पुढे ६४ ते १२७ असा असेल, तर हेच कारण समजावे.

यावर दोन मार्ग आहेत. कंपनीकडून जादा पैसे देऊन स्वतंत्र पत्ता घेता येतो. किंवा 'टेलस्केल', 'झिरोटियर' यांसारखी साधने वापरावी. थोड्या उपकरणांच्या घरगुती वापरासाठी ती मोफत मिळतात. ती ओळखीच्या फोन-संगणकांमध्ये एक खासगी बोगदा तयार करतात, आणि घरमालकाने मंजुरी दिलेलेच उपकरण आत येते. घराचे दार सगळ्या जगाला उघडावे लागत नाही, म्हणून आपल्यासाठी हाच मार्ग बरा. खाते मात्र आई-बाबांच्या किंवा मोठ्या ताईच्या नावाने काढावे.

विजेचा हिशेब आधी करा. जुना डेस्कटॉप १०० वॅट ओढत असेल आणि रात्रंदिवस चालू ठेवला, तर महिन्याला ७२ युनिट होतात. १०० युनिटांच्या पुढे आपल्याकडे दर चढतो, हे बिल भरणाऱ्या बाईला सांगायला नको. तेच २५ वॅटचा लॅपटॉप रोज संध्याकाळी दोन तास चालवला, तर महिन्याला दीड युनिट. म्हणून लॅपटॉपच घ्यावा. त्याची बॅटरी बरी असेल, तर वीज गेल्यावर खेळ नीट बंद करायलाही वेळ मिळतो. वर्ध्याचा उन्हाळा लक्षात घेऊन तो गादीवर किंवा बंद कपाटात ठेवू नये. खेळाच्या जगाचे फोल्डर दर रविवारी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावे. महिनाभर बांधलेले गाव एका बिघाडात गेले, तर पोरे हिरमुसतात.

आता मुख्य गोष्ट. अनोळखी माणूस गोड बोलून मुलांचे फोटो मागतो, कोणी ओटीपी विचारतो, कोणी पैसे लावायची चटक लावतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण कायदा प्रत्येक घरात पहारा देत बसत नाही. घरच्या सर्व्हरवर विकत घ्यायला काही नसते आणि आत कोण आहे, हे नावानिशी दिसते. त्रास देणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकारही आपल्याच हाती असतो. शिव्या, चिडवणे, मुलींना टोमणे यांमुळे पुष्कळ मुली असे खेळ सोडतात. ओळखीच्यांच्या मैदानात त्या निर्धास्त खेळू शकतात. माझे तर म्हणणे आहे, की सर्व्हरच्या किल्ल्या घरातल्या मुलीच्याच हाती द्याव्यात.

नियम मुलांनी एकत्र बसून ठरवावे आणि वहीत लिहावे: कोणाचे बांधलेले मोडायचे नाही, शिवी दिली तर एक दिवस बाहेर, रात्री नऊला सर्व्हर बंद, परीक्षेच्या महिन्यात फक्त रविवारी. स्वतः केलेला नियम मूल सहसा मोडत नाही. मोडलेच, तर बाकीची चार मुले त्याला जाब विचारतात.

वाचकहो, यातून आणखी एक लाभ होतो. पत्ता, पोर्ट, पासवर्ड, फाइलींची प्रत ठेवणे हे जे पोर खेळता खेळता शिकते, तेच पुढे आयटीआयच्या संगणक ट्रेडमध्ये किंवा पॉलिटेक्निकमध्ये त्याच्यासमोर येते. तिथे ते बिचकत नाही. आपल्या पिढीने यंत्र दुसऱ्याचे चालवले, कळ दाबली आणि पाळी संपली की घरी आलो. यंत्र आतून कसे चालते, ते कोणी दाखवले नाही. मुलांना ते दाखवण्याची ही सोय घरातल्या जुन्या लॅपटॉपमध्ये आहे. येत्या रविवारी पोरांना सोबत घेऊन बसा. आपल्याला कळत नसेल, तर त्यांना विचारा. बापाने आपल्याला विचारले, याचाच मुलांना मोठा आनंद होतो.