लॅपटॉपला ऊन लागलंय!

‘हा रोज दुपारी मरून राहिला अन् रात्री पुन्हा जिवंत. काहून असं?’

मैत्रिणीचा फोन. तोही गोरेगावहून! गोरेगाव म्हटलं की आपल्याला फिल्मसिटी आठवते, पण हे गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, म्हणून पुण्यातल्या कंपनीकडून महिनाभर वर्क फ्रॉम होम मागून घेतलं आणि बाईसाहेब महाराष्ट्र एक्स्प्रेसने घरी पोहोचल्या. महिना कुठला? मे! पहिल्याच आठवड्यात क्लायंट कॉल चालू असताना लॅपटॉप चार वेळा धप्पकन बंद. बॉसचा मेसेज आला, ‘सोमवारपर्यंत जमव, नाहीतर ऑफिसला ये.’ एका दुकानदाराने सांगितलं, फॉरमॅट मारू. दुसरा म्हणाला, मदरबोर्ड गेला. म्हणजे एक डेटा घालवणार आणि दुसरा पगार.

आता गंमत बघा. रोगाचं निदान तिने पहिल्याच वाक्यात करून टाकलं होतं. दुपारी मरतो, रात्री जगतो. व्हायरस काही ऊन बघून येत नाही! विंडोज बिघडली असती तर रात्रीही बिघडलेलीच राहिली असती. म्हणून क्रॅश होणाऱ्या लॅपटॉपबाबत पहिला प्रश्न ‘काय झालं’ हा नसतोच. ‘कधी होतं’ हा असतो. स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी हिस्ट्री’ असं टाइप करा. कोणत्या दिवशी काय कोसळलं, याचं अख्खं कॅलेंडर समोर येतं. ही सोय विंडोजमध्ये व्हिस्टापासून आहे, पण ती उघडून बघितलेला माणूस मला अजून भेटायचाय.

आता जरा आकडे. अॅपल आपल्या मॅकबुकसाठी बाहेरचं तापमान १० ते ३५ अंशांदरम्यान ठेवायला सांगते. बाकी बऱ्याच कंपन्यांचे आकडेही याच्याच आसपास. आणि मे महिन्यात, नवतपा जवळ आला की गोंदियात पारा बेचाळीसच्या वर जाणं ही बातमीसुद्धा नसते. लॅपटॉपचा फॅन हवा थंड करत नाही, तो फक्त खोलीतली हवा आतल्या पट्ट्यांवरून ढकलतो. त्यामुळे पंचवीस अंशांच्या एसी ऑफिसात प्रोसेसर ८५ वर जात असेल, तर तेच काम चाळीसच्या खोलीत त्याला साधारण शंभरावर नेतं. बहुतेक प्रोसेसरची लक्ष्मणरेषा तिथेच कुठेतरी असते. तिच्याजवळ पोहोचलं की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. म्हणून व्हिडिओ कॉल अडखळतो, माऊस चिखलात चालल्यासारखा चालतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर जीव वाचवायला सरळ बंद. निळा स्क्रीन नाही, निरोप नाही, काही नाही. त्याला बिचाऱ्याला ऊन लागलेलं असतं!

दुसरा आरोपी म्हणजे धूळ. गोंदियाला राइस सिटी म्हणतात ते उगाच नाही. राईस मिलचा कोंडा, तूस आणि उन्हाळी धानाची मळणी, हे सगळं हवेत. पुण्यात बांधकामांची धूळ आहेच, पण कोंडा फार बारीक. फॅनच्या पुढच्या जाळीवर त्याची गादी बसली की हवा जाणार कुठून? मैत्रिणीने शेवटी फॉरमॅटही मारला नाही आणि बोर्डही बदलला नाही. दुकानदाराला फक्त मागचं झाकण उघडायला लावलं. आतून निघालेल्या गोळ्याचा फोटो तिने मला पाठवलाय. जेवताना बघू नये असा आहे. फॅन साफ झाला, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदलली आणि सोमवारचा कॉल दीड तास चालला.

घरी साफ करायचाच असेल तर लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर आणि हवेचा डबा लांबून, थोडा थोडा वेळ. फॅनचं पातं काडीने धरून ठेवा. जोराच्या हवेने तो भन्नाट फिरला तर बिघडू शकतो. व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या स्टॅटिक करंटने भलतंच काही जायचं. लॅपटॉप कंपनीचा असेल तर स्क्रू ड्रायव्हरला हातही लावू नका, आयटीवाल्यांना फोन करा.

आणि कूलर! विदर्भात कूलर हा घरातला मानाचा सदस्य. त्याच्यासमोर आपण बसतो, मग लॅपटॉपही बसतो. खोली गार झाली तर लॅपटॉपला बरंच वाटतं, पण थेट झोतात ठेवलात तर ओल आणि तुषार सरळ आत. कूलरचा झोत तुमच्या पाठीवर येऊ दे, लॅपटॉपवर नको. त्याला गादीवरही ठेवू नका, खालच्या जाळ्या बंद होतात. कुठलाही टेबल चालेल. खाली चार बाटल्यांची झाकणं लावलीत तर आणखी उत्तम, त्यासाठी महागडा कूलिंग पॅड लागत नाही.

आता हे सगळं करूनही बंद पडतोय? तर मग उन्हाला सोडून द्या आणि चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवून बघा. नीट चालला तर संशय चार्जरवर, प्लगवर किंवा अर्थिंगवर. बॅटरी लगेच मान टाकत असेल तर ती संपलेली आहे आणि लाइट डोळे मिचकावली तरी लॅपटॉप जाणार. चार्जर साधारण १०० ते २४० व्होल्ट सहज पचवतो (त्याच्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं), तेव्हा ‘व्होल्टेज कमी होतं म्हणून गेला’ हे दरवेळी खरं मानू नका. मात्र टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगलीय. चार्जिंग बंद, लॅपटॉप बंद, आणि दाबून बसवायचा प्रयत्न तर अजिबात नको.

स्क्रीनवर कोड येऊन मगच बंद होत असेल तर गोष्ट वेगळी. फोटो काढा. ‘मेमरी मॅनेजमेंट’सारखं काही असेल तर रॅमवर संशय, आणि विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक नावाची तपासणी फुकट मिळते. नुकताच एखादा अपडेट झालाय का, तेही आठवा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर एकदम आडवे झाले होते. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास फिरत होते. त्यातल्या एकाही मशीनचा मदरबोर्ड गेलेला नव्हता!

दुकानात द्यायचाच झाला तर आधी दोन कामं. फोटो, फाइल्स, इन्व्हॉइस सगळं बाहेरच्या डिस्कवर, आणि कॉपी झालेल्यातल्या दोन-चार फाइल्स उघडून बघायच्या. दुसरं म्हणजे बिटलॉकर. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये तुमच्या नकळत डिस्क लॉक केलेली असू शकते. बोर्ड बदलला की मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, आणि ती नसेल तर दुकानदारही काही करू शकत नाही. बहुतेक वेळा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये पडलेली असते. आजच शोधा आणि वहीत लिहा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह करून ठेवू नका, प्लीज!