टाळ्या पुरे, शाळेचे दार उघडा



पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यात तालिबानने फर्मान काढले : १५ जानेवारी २००९ पासून मुलींच्या शाळा बंद. अकरा वर्षांच्या मलाला युसुफझाईने टोपणनावाने रोजनिशी लिहून हा जुलूम बीबीसीच्या उर्दू सेवेतून जगाला सांगितला. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी शाळेच्या गाडीत तिच्या डोक्यात गोळी घातली. पोर वाचली. १२ जुलै २०१३ ला, सोळाव्या वाढदिवशी, संयुक्त राष्ट्रांत उभी राहून बोलली. २०१४ साली शांततेचे नोबेल मिळाले. साऱ्या जगाने टाळ्या वाजवल्या.

पुढे काय झाले? शेजारच्या अफगाणिस्तानात २०२१ साली तालिबान पुन्हा सत्तेवर आले. सहावीच्या पुढे मुलींची शाळा बंद. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठेही बंद. टाळ्या वाजवणारे निषेधाचे ठराव करीत राहिले. दार काही उघडले नाही.

धर्म आणि रीत ही नुसती सबब आहे. शिकलेली बाई हिशेब मागते, ही खरी भीती!

तालिबानला शिव्या देणे सोपे आहे. पण वेचणीच्या दिवसांत आपल्या पऱ्हाटीत कोण असते? भाऊ शाळेत, बहीण कमरेला फडके बांधून कापसात. इथे बंदूक लागत नाही, बापाचा शब्द पुरतो.

म्हणून आम्ही म्हणतो, वेचणीसाठी एकाही पोरीची शाळा बुडवायची नाही, असा ठराव गावागावांत करा आणि पाळा. मलालाचे कौतुक त्यानंतर करू.