काठ, कातडं आणि खिसा

आपल्या समाजात कपड्यांवरून वाद निघाला की तो फिरून फिरून बाईच्याच कपड्यांपाशी येऊन थांबतो. पुरुषाच्या अंगावर काय आहे हे कुणी पाहत नाही. पाहिलंच तर कौतुकानं. आज मी पाहायचं ठरवलं आहे, आणि तुम्हीही पाहावं म्हणून हे लिहिते आहे.

उज्जैनला आम्ही देवास गेटला राहतो. इथं बसस्टँड, पलीकडं रेल्वे स्टेशन. रात्रंदिवस माणसांचा राबता. महाकालाचे यात्रेकरू, इंदूरला नोकरीसाठी ये-जा करणारे, कॉलेजची पोरं-पोरी. जीन्स न दिसता या रस्त्यावर पाच मिनिटं जात नाहीत. गेल्या चातुर्मासात पुण्याचा भाचा आणि इंदूरची भाची, दोघं एकदमच आले. दोघांच्याही अंगावर जीन्स. सकाळी दर्शनाला निघालो. मंदिराच्या दाराशी पाटी आहे. चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्यात, ही तिची पहिली ओळ. मुलींनी जीन्स घालून येऊ नये, ही दुसरी. भाचीला दारातूनच परत पाठवलं. वर लांब कुर्ता, खाली सैल सुती पँट, चामड्याचा कणही नाही. भाच्यानं पट्टा काढला, पाकीट काढलं आणि तो आत गेला. त्याच्या पँटवर मागं, कमरेच्या उजव्या बाजूला, तळहाताएवढं कातडं शिवलेलं होतं. तेही त्याच्याबरोबर आत गेलं.

पाटी लिहिणाऱ्यांना मुलीचे पाय दिसले. जनावराची कातडी दिसली नाही. माझं भांडण इथून सुरू होतं.

आधी त्या पँटविषयी सांगते, कारण तिची माहिती मोठी गंमतीची आहे. भाचा म्हणाला, “मावशी, ही चव्वेचाळीसची आहे.” मला वाटलं कंबर! पोरगा तर काडीपैलवान. तर ती १९४४ सालच्या अमेरिकन कामगारी पँटची हुबेहूब नक्कल निघाली, जपानात शिवलेली. तिकडं ओकायामा भागात जुन्या जीन्स उसवून, टाके मोजून, तशाच्या तशा नव्या शिवणारे कारखाने आहेत. कुठली नक्कल कुठल्या सालाची हे शौकीन लोक बारकाव्यांवरून ओळखतात. कमरेला पट्ट्याचे लूप आले १९२२ साली. मागच्या खिशावरची लाल पट्टी आली १९३६ मध्ये. मागच्या खिशांचे रिव्हेट खुर्च्यांना आणि घोड्याच्या खोगिरांना ओरखडे काढायचे, म्हणून १९३७ मध्ये ते कापडाखाली झाकले. मग युद्ध आलं. धातू आणि दोरा वाचवायचा म्हणून घड्याळाच्या छोट्या खिशाचे रिव्हेट गेले, मागचा आवळायचा बक्कलपट्टा गेला, आणि खिशावरची कमानीसारखी शिलाई दोऱ्याऐवजी चक्क रंगानं काढू लागले. भाच्याच्या पँटवर ती रंगाचीच आहे. दोन-चार धुण्यांत जाईल, आणि ती जावी म्हणूनच त्यानं पंचवीस हजारांच्या वर पैसे मोजले आहेत.

हसू नका. या पोरांचा शौक मला परका वाटत नाही. आपल्या आज्या काठावरून लुगडं ओळखायच्या. हे इरकल, हे नारायणपेठ, ही महेश्वरी. हात लावून सूत सांगायच्या. तेच ज्ञान पोरगा पँटीला लावतो आहे. फरक एवढाच, की आजीच्या ज्ञानाला ‘बायकांचा सोस’ म्हणायचे आणि याच्या ज्ञानाला ‘अभ्यास’ म्हणतात.

त्याच्या अभ्यासात सगळ्यात भाव खाणारी गोष्ट म्हणजे सेल्व्हेज. म्हणजे काय? काठ. माझं माहेर इचलकरंजीचं, मागांच्या खडखडाटात वाढलेली मी. मला हे कुणी नव्यानं शिकवायला नको. साध्या मागावर धोटा इकडून तिकडं जातो आणि तिकडून इकडं परततो. आडवा दोरा कडेला वळून पुन्हा आत शिरतो, म्हणून कापडाची कड बंद होते, उसवत नाही. बिनधोट्याच्या मागावर प्रत्येक आडवा दोरा कडेला कापला जातो, झालर सुटते, मग ओव्हरलॉक मारावं लागतं. जुन्या जीन्सचं कापड साध्या मागावरचं, जेमतेम अठ्ठावीस-तीस इंच पन्ह्याचं. म्हणून पाय दुमडला की आत पांढरा काठ आणि त्यात लाल दोरा दिसतो. एवढंच. तो दिसावा म्हणून मोहरी दुमडून चालायचं.

मैत्रिणींनो, आपण नेसतो त्या प्रत्येक विणलेल्या काठाच्या साडीला दोन्ही बाजूंनी सेल्व्हेज असतं. आपण त्याच्यावर फॉल लावतो! अमेरिकेत जुन्या मागांवर हे कापड विणणारी नावाजलेली व्हाइट ओक गिरणी २०१७ च्या अखेरीस बंद पडली तेव्हा जगभरचे शौकीन हळहळले. माझ्या माहेरी तसलेच साधे माग भंगारवाल्यानं किलोवर नेले, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. इंदूरच्या हुकुमचंद मिलच्या कामगारांची देणी गिरणी बंद पडल्यावर तीस वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये सुटली. तोवर कित्येक जण वारले होते. उज्जैनच्या विनोद मिलचे कामगारही असेच वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. तेव्हा जुन्या कापडावर प्रेम करा, जरूर करा. पण ते विणणाऱ्या हातांची आठवण त्या प्रेमात कुठं बसते, तेही सांगा.

आता कातडं. जुन्या पँटच्या कमरेला दोन घोडे पँट ओढताहेत अशा चित्राचा चामड्याचा तुकडा असे. दोन घोड्यांनी ओढूनही फाटत नाही, ही जाहिरात. नक्कल करणारे तो तुकडाही निष्ठेनं लावतात. कुणी गाईचं कातडं लावतं, कुणी हरणाचं. मी भाच्याला म्हटलं, “उसव हा.” तो म्हणाला, “मावशी, मग ती चव्वेचाळीसची राहणार नाही.” मी विचारलं, सगळ्याच सालांच्या पँटींना कातडं होतं का? तेव्हा त्यानंच सांगितलं, की १९५० च्या दशकात कंपनीनं चामडं सोडलं आणि जाड कागदाचा तुकडा लावायला सुरुवात केली. म्हणजे १९६६ सालची नक्कल घेतली असती तर कागद मिळाला असता. इतिहासही खरा, आणि कुणा जिवाची कातडीही नाही. निवड हातात होती. करायचं सुचलं नाही, कारण त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मुलीला मात्र आपण घरातून निघताना, रस्त्यात आणि मंदिराच्या पायरीवर, तीन-तीनदा विचारतो.

अहिंसेचा प्रश्न कपड्याला विचारायचाच असेल तर नीट विचारू या. दुकानात टांगलेल्या नव्याकोऱ्या जीन्सच्या मांड्या पांढुरक्या कशा दिसतात? एके काळी त्यासाठी कापडावर वाळूचा जोरदार फवारा मारत. तुर्कस्तानात हे काम करणाऱ्या तरुण पोरांच्या छातीत ती धूळ बसली, सिलिकोसिसनं माणसं गेली, आणि २००९ साली तिथल्या सरकारनं जीन्सवरच्या वाळूच्या फवाऱ्यावर बंदी घातली. कांदा-बटाटा टाळणारे आपण, बारीकसारीक जिवांची काळजी करणारे, आपल्या पाटीवर याची एक ओळ नसावी? कोरी, गडद निळी, न विटवलेली पँट घ्यावी आणि ती आपल्या वापरानं विटू द्यावी, हे त्या शौकिनांचं म्हणणं मला म्हणूनच पटतं.

“पण जीन्स आपली नव्हे,” असं महिला मंडळात कुणीतरी म्हणतंच. आपली नव्हे? मुंबईच्या डोंगरी भागात विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड इंग्रजांनी बोटीत भरून नेलं. त्याच डोंगरीवरून त्यांच्या भाषेत डंगरी हा शब्द आला. तिच्या निळीला जग इंडिगो म्हणतं, म्हणजे हिंदुस्थानची. त्या निळीपायी चंपारणच्या शेतकऱ्याला वीस कठ्ठ्यांतले तीन कठ्ठे सक्तीनं पेरावे लागत आणि १९१७ मध्ये गांधीजी तिथं गेले. आणि आजचं डेनिम? अहमदाबादच्या लालभाई घराण्यानं १९३१ मध्ये काढलेली अरविंद मिल ही डेनिमच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक. त्याच घराण्यातले कस्तुरभाई लालभाई वर्षानुवर्षं आणंदजी कल्याणजी पेढीचे प्रमुख होते. शत्रुंजयाची आणि गिरनारची देखरेख करणारी पेढी ती! आपल्या घराण्यानं विणलं तर उद्योग आणि आपल्या मुलीनं नेसलं तर उच्छृंखलपणा, हा हिशेब मला कुणी समजावून द्यावा.

राहिला मर्यादेचा प्रश्न. तो मी टाळत नाही, आणि त्याचं उत्तर जुन्या पँटीतच आहे.

या पँटीची जन्मकथाच पाहा. अमेरिकेतल्या रेनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका मजुराची बायको त्याच्याकडं आली आणि म्हणाली, नवऱ्यासाठी न फाटणारी पँट शिवून दे. त्यानं खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकले. २० मे १८७३ रोजी लेव्ही स्ट्रॉसबरोबर त्याला पेटंट मिळालं. मागणी बाईची होती. तिचं नाव कुठल्या पट्टीवर नाही.

बाईसाठी त्याच कंपनीनं १९१८ मध्ये पहिला पोशाख काढला, तो वर पट्ट्याचा लांब झगा आणि खाली घेरदार विजार असा. आपली सलवार-कमीजच की! मग १९३४ मध्ये खास बायकांची जीन्स आली, सातशे एक नंबरची. कंबर उंच, नितंबाशी ऐसपैस आणि धुतल्यावर आटू नये असं कापड. घोड्यावर बसणाऱ्या, रानावनात फिरणाऱ्या बायकांसाठी शिवलेली. ती अंगाला चिकटत नव्हती, वाकलं तरी कंबर उघडी पडत नव्हती.

आज आपल्या मुलींना काय विकतात? आसन तोकडं, कंबर खाली, कापडात रबराचा धागा, आणि खिसा म्हणजे नुसती शिलाई. २०१८ साली अमेरिकेत वीस ब्रँडच्या ऐंशी जीन्स मोजल्या. बायकांचा पुढचा खिसा पुरुषांच्या खिशापेक्षा सरासरी ४८ टक्के तोकडा निघाला. अर्धाच म्हणा ना! असली पँट घालून मुलगी सामायिकाला पाऊण तास मांडी घालून बसेल कशी? बसू शकत नाही, आणि आपण म्हणतो तिला धर्माची आवड नाही. आवड आहे हो, आसन तोकडं आहे.

तोकडी पँट बाजारानं कापली आणि आपण बंदी घातली सगळ्याच जीन्सवर. मुलीच्या पदरात दोन्हीकडून तोटा. मर्यादा हवी असेल तर उंच कंबर मागा, पूर्ण आसन मागा, सैल मांडी मागा, हात मनगटापर्यंत जाईल असा खिसा मागा. नव्वद वर्षांपूर्वी हे शिवता येत होतं, आज न यायला काय झालं? पुरुषांच्या रिव्हेटचं साल बरोबर यावं म्हणून जपानात एवढे कष्ट होतात. बाईच्या खिशाची खोली बरोबर यावी म्हणून कोण कष्ट घेतं?

एक बाजू मात्र भाच्यालाही सुनावली. पंचवीस हजारांची पँट कपाटात सहाव्या जोडीला जाऊन बसली तर तो परिग्रहच, काठ कितीही देखणा असो. एकच घेऊन दहा वर्षं वापरली, गुडघ्याला रफू केलं, तर त्याला मी वेगळं नाव देईन. आणि ती सहा सहा महिने न धुण्याची जी रीत आहे, ती निदान स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाळावी.

पंचवीस हजारांची मुळीच गरज नाही. देवास गेटला फुटपाथवर मशीन टाकून बसणारे मास्टरजी आहेत, तुमच्याही गावात असतील. जाड सुती डेनिम मीटरवर मिळतं. आधी पाण्यात भिजवून आटवून घ्या, कोरं कापड शेकडा आठ-दहा इंचांपर्यंत आटू शकतं. मग मुलीला मांडी घालून बसवा आणि बसल्या जागी आसनाचं माप घ्यायला सांगा. मास्टरजी विचारतील, “बहनजी, जेब कितनी गहरी?” तर मुलीला म्हणावं, घाल हात आणि दाखव.

आणि ज्यांच्या हातात पाटी आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. दुसरी ओळ पुसा. पहिली ओळ ठेवा, आणि ती सगळ्यांना लावा. मुलग्यांना सांगा, आत येण्याआधी जरा पाठ वळवून दाखवा.