वाटाण्याच्या रोपावर मिळालेले कर्ज

माळेगाव बुद्रुकसारख्या उसाच्या गावी दुकानदाराची उधारी कारखान्याकडून बिल मिळेपर्यंत चालते. शेतात कोंब दिसले की वहीत नाव चढते. एका मराठी माणसाच्या निसर्गविषयक फितीचा व्यवहारही काहीसा असाच झाला.

१९१२ मध्ये दादासाहेब फाळके विमापत्रे गहाण टाकून लंडनला गेले व विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. आता चित्रपटासाठी भांडवल हवे होते. परंतु हलत्या चित्रांच्या धंद्यावर पैसा लावणार कोण? फाळक्यांनी शब्द खर्ची घातले नाहीत. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ नेमाने थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर माती फुटली, कोंब वर आला, वेल वाढला. महिन्याची वाढ काही क्षणांत डोळ्यांसमोर घडली. ‘अंकुराची वाढ’ ही फीत पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज देऊ केले. ते छायाचित्रण-साहित्याचे व्यापारी. ह्या कसबाची किंमत त्यांस कळली असावी. तथापि तारण लागलेच, आणि ते होते सरस्वतीबाईंचे दागिने. ह्याच सरस्वतीबाई पुढे फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही शिकल्या. जोखमीचा मोठा वाटा त्यांच्या अंगावर होता, हे सहसा सांगितले जात नाही.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. देणे फेडण्यासाठी पत्नीलाही विकावे लागलेल्या राजाची ती कथा.