भीती ओळखायला चष्मा कशाला?

बायकोची भीती नवऱ्याला दिसत नाही म्हणून तो तिला मारतो, असं आता शास्त्राच्या नावाने सांगितलं जाऊ लागलं आहे. ती दिसावी म्हणून यंत्रही निघालं आहे. डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवायचा, की समोर खोली, खोलीत आरसा, आरशात बाईचं शरीर. आपण हात हलवला की तिचा हात हलतो. मग एक पुरुष आत येतो, शिव्या देतो, अंगावर येतो. छळणाऱ्याने काही मिनिटं सोसणारीच्या जागी उभं राहायचं. याला ते आभासी वास्तव म्हणतात.

ही कुणाची कल्पना नव्हे. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१८ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात घरातल्या बाईवर हिंसा केल्याबद्दल दोषी ठरलेले २० पुरुष होते आणि तसा इतिहास नसलेले १९. पहिल्या गटातल्या पुरुषांना बाईच्या चेहऱ्यावरची भीती ओळखणं जड जात होतं; घाबरलेला चेहरा ते आनंदी समजत. चष्म्यातून बाहेर आल्यावर त्यांची ओळख सुधारली. संशोधकांनी मोजली ती चेहऱ्याची ओळख. घरी गेल्यावर हात उठला की नाही, हे त्या प्रयोगात मोजलेलं नाही.

माझं भांडण त्या संशोधकांशी नाही. नागपूरच्या एका बैठकीत हा प्रयोग सांगून एक उत्साही गृहस्थ म्हणाले, की असे चष्मे तालुक्या-तालुक्याला दिले तर समुपदेशन केंद्रांचं निम्मं काम कमी होईल. माझं भांडण आहे ते या उडीशी.

मी कारंजा (घाडगे) तालुक्यात बायांच्या बैठका घेते. कापूस, सोयाबीन, संत्र्याचा हा तालुका. वर्धा जिल्ह्यात पन्नासेक वर्षं दारूबंदी आहे, आणि संध्याकाळी दारू कुठे मिळते ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बैठकीत मी हा प्रयोग सांगितला तर बाया आधी हसल्या. मग एक जण म्हणाली, "त्याले दिसत नाही काजी? मी भ्याली का नाही, हेच पाहाले तर मारते तो." मागून दुसरी बोलली, "ठाणेदारासमोर बरा उठत नाही त्याचा हात."

मैत्रिणींनो, जो माणूस सावकारासमोर, सरपंचासमोर, ठाणेदारासमोर राग गिळतो आणि घरी येऊन ओकतो, त्याला चेहरे वाचता येत नाहीत असं कसं म्हणायचं? कुणावर हात टाकला तर काय किंमत पडेल, हा हिशेब तो दारूच्या नशेतही चुकत नाही. त्या हिशेबात बायको सगळ्यांत स्वस्त आहे, एवढंच.

आणि समजा, दिसली भीती. पुढे? याच तंत्राने केलेला आणखी एक प्रयोग आहे. अमेरिकेत मिलग्रॅम यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं होतं, की वरून हुकूम आला की साधी माणसंही दुसऱ्याला विजेचे झटके देत राहतात. (झटके खोटे होते, देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं.) २००६ साली लंडनमध्ये मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी तोच प्रकार आभासी बाईवर केला. चुकीचं उत्तर दिलं की तिला झटका द्यायचा. ती ओरडायची, थांबा म्हणायची. ती खरी नाही हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं, तरी त्यांच्या शरीरावर ताण उमटला, तो यंत्रांनी नोंदला. पण तिला पाहणाऱ्या-ऐकणाऱ्या २३ जणांपैकी १७ जणांनी सगळेच्या सगळे २० झटके दिले. कासावीस होत होत दिले.

छातीत धडधडणं आणि हात थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला लंडनहून कळायला नको होतं. मारून झाल्यावर रडणारे नवरे आमच्या बायांनी कमी पाहिलेत का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभर विचारलं होतं: सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही, न सांगता बाहेर गेली, उलट बोलली, स्वयंपाक नीट केला नाही, अशा सात कारणांपैकी एखाद्यासाठी बायकोला मारणं योग्य आहे का? ४४ टक्के पुरुष हो म्हणाले. आणि ४५ टक्के बायाही. त्या बायांना भीती कशी दिसते हे का शिकवायचं आहे? त्याच पाहणीत, हिंसा सोसलेल्या शंभर बायांपैकी चौदाच जणींनी कुणाकडे मदत मागितली होती.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, तो मथुरा खटला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नव्हता. कायद्याच्या चार अध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर तिचं म्हणणं धरून चालायचं, असं ठरलं. न्यायमूर्तींना मथुराच्या देहात उतरवून हे झालं नाही. तिच्या शब्दाचं वजन वाढवून झालं.

जाता जाता: चष्म्यातल्या त्या जगातही बाईला सुख नाहीच. २०२१ साली एका बड्या कंपनीच्या आभासी जगात बायांच्या आभासी शरीरांशी लगट केल्याच्या तक्रारी आल्या आणि २०२२ च्या फेब्रुवारीत कंपनीने प्रत्येकाभोवती चारेक फुटांची अदृश्य कुंपणं घातली. पुरुषांच्या वागण्याचा तोही अभ्यासच झाला म्हणायचा, फुकटात.

त्या गृहस्थांना आम्ही लेखी उत्तर धाडलं आहे. चष्म्याला पैसे असतील तर ते तालुक्याच्या गावी एका खोलीला द्या. रात्री अकरा वाजता पोरं काखेत घेऊन निघालेली बाई जिथे दार वाजवील आणि आतून कुणीतरी उघडील, अशी खोली. २००५ च्या कायद्यातला संरक्षण अधिकारी कुठे बसतो, त्याची पाटी एसटी स्टँडवर लावा. वैद्यकीय तपासणीला जायचं तर भाडं द्या. खाली बैठकीतल्या सगळ्या जणींनी सह्या केल्या. तिघींनी अंगठे उठवले.