धाकाने बोअर सुधारत नाही

परवा उद्योजकांच्या एका मेळाव्यात एका ज्येष्ठ कारखानदारांनी ठणकावून सांगितलं, की कामगाराची प्रगती हे कामगाराचं काम आहे, कंपनीचं नाही. पगार वेळेवर दिला की मालक सुटला. पोरांना शिकवावं तर दोन हजार रुपये जास्त मिळाले की शेजारच्या गाळ्यात जातात. मोकळं वातावरण, संवाद, कौतुक ही आयटीवाल्यांची थेरं. शॉपवर धाकच लागतो. यावर टाळ्या पडल्या. हे एकट्या माणसाचं मत असतं तर मी सोडून दिलं असतं. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या हाताखाली शेकडो पोरं काम करतात, म्हणून लिहितो आहे.

वेळेवर पगार देणं १९३६ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. त्याचं कौतुक कुणी मागू नये.

आयटीची थेरं म्हणणाऱ्यांनी किर्लोस्करवाडीचा इतिहास वाचावा. १९१० साली औंध संस्थानातल्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला आणि त्याच्याभोवती कामगारांची वस्ती वसवली. तुरुंगातून सुटून आलेल्यांनाही त्यांनी रखवालीला ठेवलं. माणसावर आधी विश्वास टाकायचा, ही रीत आपल्या लोखंडाच्या धंद्यात शंभर वर्षांपूर्वीची आहे.

माझा खरा राग धाकाच्या मुद्द्यावर आहे. समजा, सीएनसी लेथवर ५२ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, करायचा आहे, टॉलरन्स एच-७. म्हणजे ५२.००० ते ५२.०३०, सगळी मिळून तीस मायक्रॉनची मुभा. काम चालू असताना कापणारा इन्सर्ट झिजत जातो, बोअर हळूहळू लहान येऊ लागतो, म्हणून ऑपरेटर अधूनमधून ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेला दुरुस्तीचा आकडा, थोडा थोडा वाढवत राहतो. दुपारी इन्सर्ट बदलला. धार नवी आली, वाढवलेला ऑफसेट मात्र तसाच राहिला. पहिलाच पीस मोठा निघतो. लहान राहिलेला बोअर आणखी एक कट मारून वाचवता येतो, मोठा झालेला वाचत नाही. प्लग गेजची आत जायला नको ती नो-गो बाजू सरळ आत जाते आणि एकोणीस वर्षांच्या पोराच्या पोटात गोळा येतो.

आता त्याने काय करायचं? सुपरवायझरला सांगावं तर सगळ्या शॉपसमोर आईबापांचा उद्धार होणार, वर पगारातून कापणार. खराब मालाच्या लाल पेटीत टाकावं तर शिफ्ट सुटताना मोजणी आहे. मग तो पीस चांगल्या ट्रेच्या तळाला जातो, तिथून ग्राहकाच्या असेंब्लीवर. तिथे बेअरिंग सैल बसतं. फोन येतो, सगळा लॉट अडकतो, इकडची चार पोरं गेज घेऊन तिकडे जातात आणि एकेक पीस तपासत बसतात. मालक म्हणतात, पोरगं बेइमान निघालं. अहो, ते तुम्हाला घाबरलं होतं! तुम्हीच घाबरवलं होतं.

लॉटचे पैसे कसेही भरून निघतील. पण चूक कुठे झाली हे त्या पोराला कळलंच नाही. त्याने पीस पुढे केला असता, तर मशीन लावून देणाऱ्या सेटरने स्क्रीनवरचा आकडा दाखवून सांगितलं असतं, ‘‘हे बघ, इन्सर्ट बदलला की आधी ऑफसेट मागं घ्यायचा, बोअर लहान ठेवून मोजायचा आणि मग साइजवर आणायचा.’’ दोन मिनिटांची गोष्ट, पण ती जन्मभर पुरते. धाकाने ती दोन मिनिटंच मारून टाकली.

याच मंडळींना भाषणात जपान फार लागतो. जपानी उद्योगाने ज्यांना गुरू मानलं, त्या डेमिंग यांच्या चौदा सूत्रांतलं आठवं सूत्र भीती घालवा असं सांगतं. टोयोटाच्या लाइनवर काही चुकतंय असं वाटलं तर साधा कामगार दोरी ओढतो आणि प्रसंगी अख्खी लाइन थांबते. भाषणात हे का येत नाही?

हा वाद जुनाच आहे. सीएनसी यंत्रं आली तेव्हाही असंच ऐकवलं गेलं होतं, की आता कसब लागणार नाही, बटण दाबणारा मिळाला की झालं. तेव्हा अनेकांनी उमेदवारीची पोरं घेणं कमी केलं, जुन्या टर्नरना निरोप दिला. आज तेच लोक चांगला सेटर मिळत नाही म्हणून गळा काढतात. कुठून मिळणार?

पोरं जातात, हे खरं आहे. पण तुमच्या शॉपवरचा सगळ्यात जाणता सेटरही कुणाच्या तरी गाळ्यात शिकूनच आला आहे. त्याला घेताना तुम्ही काही तक्रार केली नाहीत. आणि जाणारा पोरगा नुसत्या दोन हजारांसाठी जात नाही. तीन वर्षं मशीन चालवूनही कागदावर तो हेल्परच असतो, आणि पुढे काय होणार हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं.

करायचं ते फार नाही. शिकवण्याचा वेळ सेटरच्या शिफ्टमध्ये धरा, त्यासाठी त्याचं प्रॉडक्शन कापू नका. हेल्पर, ऑपरेटर, सेटर या पायऱ्या आणि त्यांचे दर लिहून भिंतीवर लावा. पोराने स्वतः पुढे आणलेल्या खराब पीसबद्दलची पगारकपात बंद करा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आलेल्या पोराला वर्षभर नुसतं मटेरियल उचलायला लावू नका, पहिल्या महिन्यात त्याच्या हातात मायक्रोमीटर द्या. यातलं काहीही ठेकेदाराच्या पोरांना वगळून करू नका, कारण कित्येक शॉपवर बोअर तेच काढतात.

यापेक्षा चांगला उपाय त्या कारखानदारांकडे असेल तर तो त्यांनी पुढच्या मेळाव्यात मांडावा. मी ऐकायला येईन. मात्र येताना त्यांनी मागच्या वर्षीचे ग्राहकाकडून परत आलेल्या मालाचे आकडे सोबत आणावेत.